चुंबक जवळ आणला की रबराचा रोध उतरतो, पण परत चढत नाही: हे नक्की काय आहे?

खटपट्या (धागाकर्ता)

मंडळी, धागा जरा तांत्रिक आहे. पण इथे पावडर, रबर, मीटर असल्या उद्योगांत हात काळे केलेले बरेच जण आहेत, म्हणून हक्काने विचारतो.

दोन भागांचं सिलिकॉन रबर घेतलं आणि त्यात कार्बोनिल लोखंडाची बारीक पावडर कालवली. कण ५ मायक्रॉनच्या आसपास, प्रमाण आकारमानाने साधारण ३० टक्के. साच्यात ओतून सेट होऊ दिलं. गडद राखाडी, लवचीक चकती तयार झाली. वर-खाली तांब्याच्या पट्ट्या दाबून मल्टिमीटर लावला तर काही मेगाओहम दाखवतो. खालून निओडिमियमचा चुंबक जवळ आणला की आकडा धाडकन उतरतो, कधी निम्मा तर कधी थेट दहावा हिस्सा. चुंबक बाजूला केला की थोडा वर येतो आणि मग मध्येच कुठेतरी रेंगाळत बसतो. मूळ जागी काही परतत नाही. पुन्हा चुंबक आणला की तिसराच आकडा.

मला यातून चुंबकीय क्षेत्र ओळखणारा सेन्सर करायचाय. यालाच मॅग्नेटोरेझिस्टन्स, म्हणजे चुंबकीय क्षेत्राने रोध बदलणं, म्हणायचं का? आणि उतरलेला रोध परत का चढत नाही?

---

मोजूनमापून

बारसं करण्याआधी एक विचारतो. चुंबक आणल्यावर चकती चुंबकाकडे ओढली जाते ना? जाणारच, जवळजवळ एक तृतीयांश लोखंड आहे तिच्यात. म्हणजे खालच्या पट्टीवर ती जास्त जोरात दाबली जाते आणि तिथला स्पर्शरोध उतरतो. दोन तारांनी मोजताय म्हटल्यावर चकतीचा रोध किती आणि पट्टी-चकती सांध्याचा किती, हे मीटरला कळायला मार्गच नाही. तो बापडा बेरीज दाखवतो.

हातातल्या चुंबकाची आणखी एक खोड असते. त्याच्या तोंडाशी ०.३ ते ०.५ टेस्ला क्षेत्र मिळतं, पण बोटभर अंतरावर ते कितीतरी पटींनी घसरलेलं असतं. अख्ख्या चकतीला जी ओढ बसते ती या उतारामुळे. क्षेत्र सगळीकडे सारखं असेल तर चकती चुंबकित होते, पण कुठल्या एका बाजूला खेचली जात नाही. तेव्हा एक चुंबक न वापरता दोन समोरासमोर ठेवा, वेगवेगळे ध्रुव एकमेकांकडे करून, आणि चकती बरोबर मधोमध धरा. पट्ट्या बाहेरून दाबू नका. रबर सेट होण्याआधीच तांब्याची बारीक जाळी आत रोवा, म्हणजे रबर जाळीच्या भोकांतून शिरून तिला पकडून ठेवेल. तारा चार घ्या, दोन प्रवाहाच्या आणि दोन व्होल्टेजच्या.

एवढं करूनही आकडा हलला तर मग बोलू.

---

निवांत_वाचक

माझा विषय नाही, पण वाचतोय. पुढे काय झालं ते लिहा नक्की.

---

खटपट्या

मोजूनमापून, जाळी रोवून नवी चकती केली आणि दोन चुंबकांच्या मधे ठेवून बघितली. परिणाम बराच कमी झाला, पण गेला नाही. आता दहावा हिस्सा वगैरे होत नाही, तरी चांगला पाव-एक हिस्सा रोध उतरतो. दोन्ही चुंबक उलटे करून दिशा बदलली तरीही उतरतोच, चढत नाही. रेंगाळण्याचं दुखणं मात्र जसंच्या तसं आहे.

---

ओहमकार

दिशा उलटी केली तरी रोध उतरतोच, ही फार कामाची खूण आहे. हॉल परिणाम (एडविन हॉल, १८७९), म्हणजे क्षेत्रात प्रवाहाच्या आडवं उभं राहणारं व्होल्टेज, क्षेत्राची दिशा बदलली की चिन्ह बदलतो. तुमचा परिणाम चिन्ह बदलत नाही, म्हणजे तो क्षेत्राच्या वर्गावर किंवा चुंबकनाच्या वर्गावर चाललाय. इथवर मॅग्नेटोरेझिस्टन्सशी जुळतं. पण आता आकाराचा अंदाज घेऊ.

चुंबकीय क्षेत्र धावत्या इलेक्ट्रॉनला वळवतं. किती वळवतं हे इलेक्ट्रॉनची गतिशीलता गुणिले क्षेत्र या एका आकड्यावर ठरतं. तांब्यात खोलीच्या तापमानाला गतिशीलता साधारण ०.००४ चौरस मीटर प्रति व्होल्ट-सेकंद आहे. १ टेस्लाला गुणाकार ०.००४. रोधातला फरक या आकड्याच्या वर्गाइतका, म्हणजे लाखात दोनच्या आसपास, तोही सढळ हाताने धरून. लोखंडात याशिवाय एक वेगळा परिणाम असतो. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांना तो १८५६ मध्ये लोखंड आणि निकेलमध्ये सापडला होता. प्रवाह चुंबकनाला समांतर आहे की आडवा, यावर रोध बदलतो. पण तोही फार तर काही टक्क्यांचा खेळ.

आणि मुळात तुमच्या चकतीत लोखंडाच्या आतला रोध नगण्य आहे. मेगाओहम येतात ते कणाकणांच्या मधल्या फटींमुळे. इलेक्ट्रॉनला कणाच्या आत काय झालं याने तुमच्या मीटरला काडीचा फरक पडत नाही.

हे असं बघा. ओढा ओलांडायला दगड टाकलेत. दगड किती रुंद यापेक्षा दोन दगडांत किती लांब उडी घ्यावी लागते यावर सगळा प्रवास ठरतो. कण एकमेकांपासून नॅनोमीटरच्या अंतरावर असतील तर इलेक्ट्रॉन टनेलिंगने, म्हणजे न वाहणाऱ्या फटीतून आरपार निसटून, पलीकडे जातो आणि त्याची शक्यता अंतराबरोबर घातांकी घसरते. अडथळा १ इलेक्ट्रॉन-व्होल्ट उंचीचा धरला तर फट १ नॅनोमीटरने कमी होताच त्या सांध्याचा रोध हजारो पटींनी पडतो. त्यापुढे पाव हिस्सा रोध म्हणजे काहीच नाही. फटी अणूच्या व्यासापेक्षाही कमी अंतराने सरकल्या तरी पुरे.

---

निवांत_वाचक

म्हणजे चुंबक विजेला काही करत नाही, तो कण हलवतो आणि कण हलल्यामुळे विजेची वाट बदलते? एवढं बरोबर समजलं का?

---

ओहमकार

या चकतीपुरतं अगदी बरोबर.

---

चकमक

माझं काम या जातीच्या रबराशीच. आमच्याकडे त्याला एमआर (मॅग्नेटोऱ्हिऑलॉजिकल) इलॅस्टोमर म्हणतात, म्हणजे चुंबकाने ताठपणा बदलणारं रबर. यांचा पूर्वज म्हणजे जेकब रॅबिनो यांचा १९४८ सालातला चुंबकाने घट्ट होणारा द्रव, तेलात लोखंडी पावडर. तेलाच्या जागी रबर आलं, बाकी तत्त्व तेच. क्षेत्र लावलं की प्रत्येक कण छोटा चुंबक होतो आणि क्षेत्राच्या रेषेत एकामागे एक असलेले कण एकमेकांना ओढतात. शेजारी-शेजारी असलेले ढकलतात.

ओढ किती? ढोबळ हिशोब करून दाखवतो. दोन कणांच्या फटीत क्षेत्र B असेल तर तिथला ताण B चा वर्ग भागिले दुप्पट म्यू-नॉट (निर्वाताची चुंबकीय पारगम्यता, एक स्थिरांक). लोखंड पुरतं चुंबकित झालं की सुमारे २ टेस्ला. ताण येतो १.६ मेगापास्कल. आता मऊ सिलिकॉन रबराचा यंग गुणांक बघा, म्हणजे ताठपणाचं माप, साधारण ०.१ ते १ मेगापास्कल. म्हणजे फटीतला ताण रबराच्या ताठपणाच्या तोडीचा किंवा वरचढ. हे कमाल मूल्य आहे, हातातल्या चुंबकाने कण पूर्ण चुंबकित होणार नाहीत, पण फटी हलायला एवढं सोडाच, याचा शंभरावा हिस्साही चालतो.

हाच हिशोब निकेलवर करा. निकेल ०.६ टेस्लालाच संपृक्त होतं, ताण ०.१४ मेगापास्कल. लोखंडाच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. आणि इथेच या धंद्यातली खरी ओढाताण आहे. लोखंड जोरात ओढतं पण त्याच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा थर असतो, काही पावडरींवर तर गंज रोखायला मुद्दाम लेप दिलेला असतो, त्यामुळे कण एकमेकांना टेकले तरी वीज नीट जात नाही. निकेलचा स्पर्श चांगला, ओढ मात्र कमजोर. म्हणून बरेच जण चांदीचा मुलामा दिलेले कण वापरतात. खटपट्या, तुमची पावडर नुसतीच दोन पट्ट्यांमधे दाबून तिचा रोध बघा. रबराविनाही ती वाईट वाहत असेल तर अर्धा दोष तिथेच.

---

तिरपागडा

थांबा थांबा. गोल कण कसेही विखुरले तरी आकारमानाने १६ टक्क्यांच्या आसपास सलग वाट तयार होते, हे पर्कोलेशनच्या (विखुरलेल्या कणांतून सलग वाट कधी जुळते याच्या) पहिल्या धड्यात असतं. यांचे ३० टक्के आहेत. मग मेगाओहम कशाला? मला तर मीटरचीच शंका येते.

---

चकमक

धड्यातले कण एकमेकांना खरोखर टेकलेले असतात आणि टेकले की वाहतात. द्रव सिलिकॉन प्रत्येक कणाला चहूबाजूंनी भिजवतं, त्यामुळे दोन कणांच्या मधे जवळजवळ नेहमीच रबराची पातळ साय उरते. वर ऑक्साइड. भूमितीच्या दृष्टीने वाट आहे, विजेच्या दृष्टीने अर्धवट. चुंबकाला वाव मिळतो तो या अर्धवटपणामुळेच. सगळे कण आधीच घट्ट टेकलेले असते तर क्षेत्राने काय बदललं असतं? आणि सगळे दूर असते तरी काहीच नाही. संवेदनशीलता उंबरठ्याच्या आसपासच सापडते.

उंबरठाही ठरलेला नसतो. लांबट कणांना तो खूप खाली येतो. कार्बन नॅनोट्यूबना एक टक्क्याच्या आतही पुरतं.

---

मोजूनमापून

तिरपागडांची शंका मीटरपुरती रास्त आहे. साधा मल्टिमीटर मेगाओहमच्या पल्ल्यात अगदी क्षीण प्रवाह सोडतो आणि टनेलिंगचा सांधा ओहमचा नियम पाळेलच असं नाही. व्होल्टेज बदललं की रोधच बदलतो. मोजणी एकाच ठरावीक व्होल्टेजवर करा आणि ते व्होल्टेज वहीत लिहून ठेवा.

आता सगळ्यांची तोंडं बंद करणारा प्रयोग सांगतो. हीच पावडर, हेच प्रमाण, पण रबराऐवजी कडक इपॉक्सी. इपॉक्सीचा यंग गुणांक ३ गिगापास्कलच्या घरात, म्हणजे तुमच्या रबराच्या हजारो पट. कण जागचे हलणार नाहीत. तरीही रोध तसाच उतरला तर परिणाम इलेक्ट्रॉनचा आहे, माझी टोपी उडाली. नाही उतरला तर तो कणांच्या हालचालीचा. दुसरा ताळा म्हणून काजळी भरलेल्या, तेवढ्याच मऊ रबराची चकती त्याच चुंबकांत ठेवा. तिचा आकडा हलता कामा नये. हलला तर तारा, जाळी, तापमान यातलं काहीतरी फसवतंय.

तापमानाकडे काणाडोळा नको. सिलिकॉन रबर अंशाला दहा लाखांत सुमारे ३०० भाग लांबतं, लोखंड १२. खोली दोन अंशांनी तापली की कण दूर सरकतात आणि रोध चढतो. विद्युतचुंबक वापरला तर त्याचं वेटोळं तापतं आणि ती ऊब नेमकी क्षेत्र चालू असतानाच नमुन्यापर्यंत पोचते. यासारखा लबाड साथीदार नाही.

---

तिरपागडा

मान्य. पण चर्चा एकांगी होतेय. क्षेत्र फक्त कण हलवतं असं वाचून कुणी घरी गेला तर चुकीचं शिकेल. जायंट मॅग्नेटोरेझिस्टन्स काय मग? त्याला नोबेल मिळालंय, आणि तेही थर रचून केलेलं कंपोझिटच होतं.

---

ओहमकार

हा मुद्दा निघायलाच हवा होता. १९८८ मध्ये आल्बेर फेर आणि पेटर ग्रुनबर्ग यांच्या गटांनी स्वतंत्रपणे लोखंड आणि क्रोमियमचे नॅनोमीटर जाडीचे थर रचून हा परिणाम दाखवला, २००७ चं नोबेल त्याचंच. फेर यांच्या नमुन्यात ४.२ केल्विनला २ टेस्लाच्या आसपास रोध जवळजवळ निम्मा झाला होता. त्यात कुठलाही अणू जागचा हलत नाही. शेजारच्या लोखंडी थरांचं चुंबकन एकमेकांविरुद्ध असतं तेव्हा दोन्ही स्पिनच्या (स्पिन म्हणजे इलेक्ट्रॉनचा अंगभूत चुंबकीय कल, दोनच प्रकारचा) इलेक्ट्रॉनना कुठे ना कुठे अडवणूक होते. क्षेत्राने सगळे थर एका दिशेला वळवले की एका स्पिनच्या इलेक्ट्रॉनना मोकळा रस्ता मिळतो.

या धाग्याच्या विषयाशी जास्त जवळचं ते १९९२ सालचं काम. थरांची शिस्तही लागत नाही असं दोन गटांनी दाखवलं. तांब्यात कोबाल्टचे नॅनोमीटर आकाराचे दाणे विखुरलेले असले तरी पुरतं. हे खरंखुरं कंपोझिट. तांब्याऐवजी विद्युतरोधक ऑक्साइड घेतलं तर स्पिनवर अवलंबून असलेलं टनेलिंग दिसतं, पण खोलीच्या तापमानाला ते टक्क्यांच्या हिशोबात.

खटपट्यांच्या चकतीत हे का नाही? कारण इलेक्ट्रॉनला आपला स्पिन शाबूत ठेवून एका दाण्यातून दुसऱ्यात जावं लागतं आणि हे नॅनोमीटरच्या मापाचं काम आहे. ५ मायक्रॉनच्या लोखंडी कणात तर एकेका कणातच अनेक चुंबकीय प्रदेश असतात.

पण मला स्वतःला सगळ्यात आवडणारं उदाहरण याहून जुनं आणि कमी गाजलेलं आहे. इंडियम अँटिमोनाइड. या अर्धवाहकात इलेक्ट्रॉनची गतिशीलता खोलीच्या तापमानाला साधारण ७.८, तांब्याच्या जवळजवळ दोन हजार पट. १ टेस्लाला गुणाकार ७.८ आणि त्याचा वर्ग ६० च्या घरात. वाटेल की रोध साठपट वाढेल. पण लांब पट्टी घेतली तर तसं काही होत नाही. इलेक्ट्रॉन एका कडेला जमतात, त्यांच्यामुळे आडवं हॉल व्होल्टेज उभं राहतं आणि ते चुंबकाचा धक्का बरोबर तोलून धरतं. प्रवाह पुन्हा सरळ.

१९६० च्या दशकात सीमेन्सच्या संशोधकांनी यावर तोड काढली. वितळलेल्या इंडियम अँटिमोनाइडमध्ये थोडं निकेल अँटिमोनाइड घालून ते सावकाश एका दिशेने गोठवलं. गोठताना निकेल अँटिमोनाइडच्या मायक्रॉनभर जाडीच्या, काही दशक मायक्रॉन लांबीच्या सुया आपोआप वेगळ्या होतात, सगळ्या एकाच दिशेला. सुया धातूसारख्या वाहतात. प्रवाहाच्या आडव्या ठेवल्या की जागोजागी हॉल व्होल्टेज शॉर्ट करतात. तोलून धरणारंच कुणी उरत नाही, इलेक्ट्रॉन तिरपे धावतात, वाट लांबते आणि रोध कित्येक पटींनी चढतो. सुया चुंबकाला काही दाद देत नाहीत आणि जागच्या हलत नाहीत. त्यांचं काम फक्त आडवं पडून राहण्याचं. नुसत्या इंडियम अँटिमोनाइडच्या लांब पट्टीत हा गुण जवळपास नाही, नुसत्या सुयांतही नाही.

२००० साली हीच कल्पना पुढे नेऊन इंडियम अँटिमोनाइडच्या चकतीत मधोमध सोनं बसवलं गेलं. खोलीच्या तापमानाला ०.०५ टेस्लाला १०० टक्के आणि ४ टेस्लाला साडेसात लाख टक्के वाढ मोजली गेली. क्षेत्र नसताना प्रवाह सोन्यातून जातो, क्षेत्र वाढलं की सोन्याला वळसा घालून जावं लागतं. सोनं तेच, अर्धवाहक तोच. रस्ता बदलला.

---

निवांत_वाचक

हे सुयांचं प्रकरण वाचून मजा आली. स्वतः काही न करता आडवं पडून इतरांची वाट लावणारे आमच्याकडेही आहेत, असो.

---

सुईदोरा

मी उशिरा येतेय. इथवर सगळे रोधावरच बोललेत, विजेचा दुसरा गुण म्हणजे ध्रुवीकरण (पदार्थातले धन-ऋण भार किंचित विरुद्ध बाजूंना सरकणं), तो राहिलाच. माझी सगळी उमेदीची वर्षं त्यातच गेली म्हणून लिहिते.

काही पदार्थ चुंबकीय क्षेत्रात थेट विद्युत ध्रुवीकरण दाखवतात. क्रोमियम ऑक्साइडमध्ये हे आधी झ्यालोशिन्स्की यांनी १९५९ मध्ये भाकीत केलं आणि पुढच्याच वर्षी अस्त्रोव यांनी मोजून दाखवलं. पण एकाच स्फटिकात हा गुण फार अशक्त असतो. १९७२ मध्ये फिलिप्सच्या प्रयोगशाळेतल्या व्हान सुख्तलेन यांनी वेगळा रस्ता मांडला. एक पदार्थ असा घ्या जो क्षेत्रात लांबतो. दुसरा असा की जो दाबला की व्होल्टेज देतो. दोघांना चिकटवा. पहिल्यात वीज नाही, दुसऱ्यात चुंबकत्व नाही, जोडीत मात्र चुंबकीय क्षेत्र दिलं की व्होल्टेज मिळतं. दोन परिणामांची बेरीज नाही ही, गुणाकार आहे. म्हणून मधला चिकट थर ढिला असेल तर अख्खा गुणाकारच शून्याकडे जातो. नवख्या माणसाचा नमुना मुका निघाला तर मी आधी सांधा बघते.

पहिल्या फळीत बेरियम टायटनेट (दाबला की व्होल्टेज देणारा, म्हणजे पीझो) आणि कोबाल्ट फेराइट (क्षेत्रात लांबी बदलणारा) होते. नंतर लेड झिर्कोनेट टायटनेट (हाही पीझो) आणि टर्फेनॉल-डी यांचे थर एकावर एक चिकटवले गेले. टर्फेनॉल-डी क्षेत्रात दहा लाखांत हजारावर भाग लांबतं, लोखंडापेक्षा कितीतरी जास्त.

आता चकमक यांनी सांगितलेल्या उंबरठ्याची उलटी बाजू. खटपट्यांना कणांची सलग वाट हवी आहे. आम्हाला ती अजिबात नको. कोबाल्ट फेराइटचे दाणे बेरियम टायटनेटमध्ये कालवून भट्टीत भाजले तर जास्त फेराइट म्हणजे जास्त लांबणं, ऐकायला छान. पण फेराइट थोडंफार वीज वाहतं. दाण्यांची साखळी एका इलेक्ट्रोडपासून दुसऱ्यापर्यंत पोचली की जमलेला विद्युतभार तिच्यातून गळून जातो. त्याहून वाईट म्हणजे पीझो भागाला सुरुवातीला जे मोठं व्होल्टेज देऊन ध्रुवित करावं लागतं, तेच देता येत नाही. थरांची रचना याच कारणाने पुढे गेली. मधला पीझो थर गळती अडवतो.

---

खटपट्या

सुईदोरा, याला बाहेरून बॅटरी लागत नाही ना? मग माझ्या सेन्सरला हेच जास्त बरं.

---

सुईदोरा

बॅटरी लागत नाही, पण स्थिर क्षेत्रही असं सरळ मोजता येत नाही. पीझोवरचा भार काही वेळात गळून जातो. म्हणून एक छोटं बदलतं क्षेत्र द्यायचं आणि त्याला मिळणारं बदलतं व्होल्टेज मोजायचं. शिवाय स्थिर क्षेत्राची बैठकही हवी. शून्य क्षेत्राजवळ लांबण्याचा आलेख सपाट असतो, त्यामुळे संकेतही जवळपास शून्य. थोडं स्थिर क्षेत्र देऊन आलेखाच्या चढावर यायचं. फार दिलं की पदार्थ संपृक्त, पुन्हा सपाट. नमुन्याच्या यांत्रिक अनुनादाच्या वारंवारितेवर मोजलं तर संकेत कितीतरी पटींनी फुगतो. जाहिरातबाज आकडे बहुतेकदा तिथलेच असतात, हे जाताजाता.

---

मोजूनमापून

आणि बदलतं क्षेत्र म्हटलं की तारांच्या वेढ्यात फॅरडेचं व्होल्टेज आलंच. नमुन्याच्या जागी पुठ्ठा ठेवला तरी ते येतं. मोठमोठे संकेत या वेढ्यातून निघालेले मी पाहिलेत. सुईदोरा, तुम्ही कसं वेगळं करता?

---

सुईदोरा

तारा पीळ देऊन जवळ आणते, हे तर झालंच. पण खरी कसोटी वेगळी. स्थिर क्षेत्राची दिशा उलटी करायची, बदलतं क्षेत्र आहे तसंच ठेवायचं. खरा संकेत चिन्ह बदलतो, कारण लांबण्याच्या आलेखाचा चढ दुसऱ्या बाजूला उतार होतो. तारेतल्या वेढ्याला स्थिर क्षेत्राशी काही देणंघेणं नाही, तो आहे तसाच राहतो. दोन्ही मोजण्यांची वजाबाकी करून निम्मे केले की उरतो तो नमुना. फॅरडेचा भाग वारंवारितेबरोबर सरळ वाढत जातो, हीसुद्धा खूण.

---

मोजूनमापून

झकास. धारितेतही (विद्युतभार साठवण्याच्या क्षमतेतही) असाच एक सापळा आहे, तोही नोंदवून ठेवतो. चुंबकीय क्षेत्रात नमुन्याची धारिता बदलली की लोक लगेच मॅग्नेटोइलेक्ट्रिक (सुईदोरांनी सांगितलेला, क्षेत्राने ध्रुवीकरण होण्याचा गुण) म्हणून मोकळे होतात. २००६ मध्ये गुस्ताव कातालान यांनी दाखवून दिलं की असं काही नसतानाही धारिता बदललेली दिसू शकते. नमुन्यात एक वाहता भाग आणि एक न वाहता भाग असेल तर सांध्यावर भार साचतो आणि कमी वारंवारितेला धारिता फुगलेली भासते. वाहत्या भागाचा रोध क्षेत्राने बदलला की ही फुगवटी सरकते. बदलला रोध, दिसली धारिता. म्हणून एकाच वारंवारितेवरचा आकडा मी मानत नाही. पूर्ण पट्टा दाखवा, शिवाय गळतीचा भाग दाखवा.

---

खटपट्या

इपॉक्सीची चकती झाली. चुंबक आणा, काढा, उलटा करा, आकडा ढिम्म. काजळीचं रबरही ढिम्म. म्हणजे माझ्या चकतीत हलतात ते कणच, हे आता पक्कं. इपॉक्सीच्या चकतीचा मूळ रोध रबरापेक्षा बराच जास्त आला, ते का कोण जाणे.

आता उरला तो मूळचा प्रश्न, रोध परत का चढत नाही? लोखंडात चुंबकत्व मागे उरतं का? आणि सेट होतानाच चुंबकात ठेवलं तर फायदा होईल का?

---

चकमक

लोखंडावर आळ घेऊ नका. कार्बोनिल लोखंड फार मऊ चुंबकीय पदार्थ आहे, क्षेत्र काढलं की जवळजवळ सगळं विसरतं. न विसरणारं आहे ते रबर. कण सरकले की त्यांना चिकटलेल्या रबराच्या साखळ्या घसरतात, काही सुटतात, दुसरीकडे चिकटतात. पहिल्यांदा ताणलेलं भरीव रबर दुसऱ्यांदा मऊ लागतं, त्याला मलिन्स परिणाम म्हणतात, तोच इथे नॅनोमीटरच्या मापावर होतोय. शिवाय रबर सावकाश परततं. पहिल्या सेकंदात बरंचसं, मग उरलेलं मिनिटं-तास घेत. रोध घातांकी असल्यामुळे राहिलेला किंचित भागही मीटरवर ठळक दिसतो.

उपाय म्हणजे नवी चकती आधी भरपूर वेळा चुंबकात आत-बाहेर करून घ्यायची, आकडे एका चाकोरीत पडेपर्यंत. त्यानंतरच मोजायचं. रबरात सिलिकॉन तेल घालून मऊ केलं की कण जास्त हलतात पण परतणं आणखी रेंगाळतं. जाळं जास्त दाट केलं की चटकन परततं पण हलतं कमी. दोन्ही एकदम मिळत नाही, मला तरी मिळालेलं नाही.

सेट होतानाचं क्षेत्र: हो, जरूर द्या. कण क्षेत्राच्या रेषेत साखळ्या करतात आणि त्या तशाच गोठतात. मग ३० टक्के लागत नाहीत, त्याहून बऱ्याच कमी पावडरीत साखळीच्या दिशेने वीज जाते आणि आडव्या दिशेने जवळपास नाही. बघायचं असेल तर थेंबभर पातळ मिश्रण दोन काचपट्ट्यांमधे दाबून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवा, पावडर अगदी कमी, एखादा टक्का. चुंबक बाजूने आणला की सुटे ठिपके आधी जोड्या करतात, मग जोड्या एकमेकींना जाऊन भिडतात, आणि बघता बघता सगळ्या पटावर समांतर काळ्या रेघा उठतात. रेघा जाड होऊ लागल्या की शेजारच्या रेघाही गिळतात.

दोन गोष्टी सांभाळा. लोखंडाची घनता ७.९ आणि सिलिकॉनची १ च्या आसपास, त्यामुळे पावडर खाली बसते. मिश्रण घट्ट व्हायला लागल्यावर, पण अजून वाहतं असताना क्षेत्र द्या. आणि ते एकसारखंच हवं, एकाच चुंबकावर साचा ठेवलात तर सगळी पावडर तळाशी गोळा होईल. रबर पुरतं सेट होईपर्यंत चुंबक हलवू नका.

इपॉक्सीबद्दल: तुमचं इपॉक्सी पातळ होतं का? पातळ असेल तर पावडर तळाशी बसून वरचा थर नुसताच इपॉक्सीचा राहिला असेल. चकती उभी कापून बघा, कडेला रंगाचा फरक डोळ्यांनीच कळेल.

---

खटपट्या

कापली. वरचा जवळजवळ पाव भाग फिकट पिवळा, पारदर्शक, आणि वरची जाळी नेमकी त्याच थरात अडकलेली.

---

मोजूनमापून

मग वरचा ढिम्म आकडा बाद. लोखंड वरच्या जाळीपर्यंत पोचलंच नव्हतं, क्षेत्राने काही घडलं असतं तरी या मोजणीत दिसलं नसतं. सेट होईपर्यंत साचा हळूहळू उलटापालटा फिरवत ठेवा किंवा इपॉक्सी घट्ट व्हायला लागल्यावर पावडर कालवा, आणि पुन्हा मोजा. रबराच्या चकत्याही एकदा उभ्या कापून बघाच.